चौकोनी कुटुंब आणि पाचवं माणूस : राणीच्या बागेतले आमचे दोन दिवस

मुंबईत भायखळ्याला असलेल्या राणीच्या बागेत आम्ही वर्षभरातच दोनदा गेलो. माणसं तीच, बाग तीच. पहिल्या दिवसाबद्दल मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवसाची घरात अजून आठवण निघते. मधल्या आठ महिन्यांत आम्ही काय बदललं ते नीट लिहून ठेवते आहे, कारण सुट्टी लागली की शेजारच्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलांना घेऊन कुठे जायचं गं?" ठिकाणाचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मला त्या दोन दिवसांनी शिकवलं.

आम्ही राहतो डोंबिवलीत. तेव्हा लेक नऊ वर्षांची होती, धाकटा चार वर्षांचा. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू शकतात, मग बसावं लागतं. बसून पाय मोकळे झाले की पुन्हा तेवढंच चालतात.

पहिली खेप : मे २०१८, रविवार

मुलांना पेंग्विन बघायचे होते. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन दक्षिण कोरियातून २०१६ च्या जुलैत भायखळ्याला आणले आणि मार्च २०१७ पासून लोकांसाठी खुले झाले. वर्गातली निम्मी मुलं बघून आली होती. लेकीने यादी केली : पेंग्विन, पाणघोडा, हत्ती, मगर, हरणं, मोर आणि शेजारचं संग्रहालय. सात गोष्टी. मी ती यादी कौतुकाने फ्रिजवर लावली. आमची चूक त्या क्षणीच झाली होती, पण ते फार नंतर कळलं.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल काही तास बंद किंवा उशिरा, हे डोंबिवलीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तरीही आम्ही गाड्यांच्या वेळा न बघता ९.४० ला घर सोडलं आणि ११.३० ला बागेच्या फाटकाशी पोचलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मे महिन्याची सुट्टी आणि रविवार, त्यामुळे गर्दी असणारच होती. तिकिटाच्या रांगेत अर्धा तास गेला. तेव्हा आई, वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपयांचं तिकीट होतं. "एक चौघांचं आणि एक वेगळं," असं नवऱ्याने खिडकीत सांगितलं. हे वाक्य पुढे माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं.

आत गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही या फिरून, मी इथं बसते." सावलीतलं बाक बघून त्यांना बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि आम्ही पेंग्विनच्या रांगेकडे निघालो.

रांग ऐंशी मिनिटांची होती. धाकट्याने पहिली वीस मिनिटं उड्या मारल्या, पुढची वीस मिनिटं रडला आणि शेवटी बाबाच्या खांद्यावर झोपला. आम्ही गार हॉलमध्ये शिरलो, काचेपलीकडे पेंग्विन पाण्यात सूर मारत होते, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो गाढ झोपेत होता. गालावर बाबाच्या शर्टाची शिवण उमटलेली. नवऱ्याने त्याला हलवून उठवायचा प्रयत्न केला. त्याने डोळे किलकिले करून काचेकडे पाहिलं, "बर्फ कुठाय?" एवढंच विचारलं आणि मान टाकली. दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

पुढचा तासभर यादीतल्या उरलेल्या नावांमागे धावण्यात गेला. पाणघोडा पाण्यात बुडी मारून बसलेला, दिसली फक्त पाठ. हरणं सावलीत आडवी. मे महिन्याच्या दुपारी प्राणी जसे वागतात तसेच ते वागत होते. पावणेतीनला सासूबाईंच्या बाकाशी परत आलो तेव्हा त्या होत्या तिथेच, त्याच बाजूला बसलेल्या. मी विचारलं, "आई, खाल्लंत ना काही?" त्या म्हणाल्या, "डबा तुमच्याकडेच राहिला गं."

पोळी-भाजीचा डबा माझ्या पिशवीत होता. पावणेतीन तास. बाटलीतलं पाणीही संपलेलं. फोन होता त्यांच्याकडे, पण "तुमचं फिरणं कशाला मोडू" म्हणून केला नाही.

संग्रहालय राहिलं. साडेपाचला घरी आलो. मुलं चिडचिडी, नवरा गप्प, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले.

वहीतला हिशेब

मला वेळा टिपून ठेवायची सवय आहे. चार दिवसांनी राग निवल्यावर आकडे मांडले. घराबाहेर एकूण ७ तास ५० मिनिटं. त्यातला जवळजवळ चार तासांचा वेळ जाण्यायेण्यात. रांगांमध्ये ११० मिनिटं. प्रत्यक्ष काही बघण्यात चालण्यासकट ७५ मिनिटं. आणि सासूबाई एका बाकावर १६५ मिनिटं. बागेत सगळ्यात जास्त वेळ एका जागी ज्यांनी काढला त्यांनी काहीच बघितलं नव्हतं.

गर्दीला, उन्हाला दोष देणं सोपं होतं. पण दिवस आम्ही निवडला होता, वेळ आम्ही निवडली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बेत आम्ही चौघांचा आखला होता आणि पाचव्या माणसाला फक्त सोबत नेलं होतं. त्यांना काय बघायचंय हे घरात कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी आणि सासूबाई गवार मोडत बसलो होतो. बाहेर पाऊस. त्या एकदम म्हणाल्या, "ते गोरखचिंचेचं झाड आहे का गं अजून? मी बसले होते तिथून दिसलं नाही."

गोरखचिंच म्हणजे बाओबाब, आफ्रिकेतलं जाड बुंध्याचं झाड, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मग त्या बोलत गेल्या. त्यांचं माहेर लालबागचं, वडील गिरणीत. पगार झाला की त्यानंतरच्या रविवारी सगळी भावंडं वडिलांबरोबर लालबागहून चालत राणीच्या बागेत जायची. तेव्हा हत्तीवर बसवून फिरवायचे. हत्तीच्या फेरीला पैसे लागत, झाडांना नाही, म्हणून वडील मुलांना झाडांकडे न्यायचे. गोरखचिंचेच्या बुंध्याला पाच भावंडांनी हात धरून वेढा घालायचा प्रयत्न केला तरी तो पुरायचा नाही. "कैलासपतीचं फूल वडील आम्हाला ओंजळीत धरून वास घ्यायला द्यायचे," त्या म्हणाल्या, "पण झाडाखाली उभं राहू द्यायचे नाहीत. फळ डोक्यात पडलं तर काय घ्या!"

मी त्यांच्या घरात अकरा वर्षं राहत होते. यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी बागेबद्दल वाचायला लागले. ही जागा १८६२ साली सुरू झाली ती वनस्पतींची बाग म्हणून. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन, लोकांच्या तोंडी राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पन्नासेक एकरांत तीन हजारांहून अधिक झाडं, त्यात आफ्रिकेतली, ब्रह्मदेशातली, दक्षिण अमेरिकेतलीही. ही झाडं नूतनीकरणात जाऊ नयेत म्हणून मुंबईतल्या नागरिकांनी वर्षानुवर्षं नेटाने लढा दिला आहे, आणि त्यांचे आपल्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानते. आम्ही मात्र या सगळ्या झाडांखालून पळत पळत पिंजऱ्यांकडे गेलो होतो. पिंजऱ्यातला प्राणी दुपारी झोपतो. झाडाचं तसं नसतं, ते कधीही बघा, आणि त्याच्या जवळ बसायला बाक असतं.

नवा बेत

या वेळी बेत सासूबाईंच्या गुडघ्यांपासून सुरू केला. सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही, मग बसायचं, आणि बसलेल्या ठिकाणी मुलांना करायला काहीतरी हवं. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, यादी करायची नाही. डबा, पाणी आणि गोळ्या सासूबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत. काहीही झालं तरी त्यांना एकटं सोडायचं नाही.

धाकट्याने पेंग्विनच निवडले. लेकीने काळा घोडा हा पुतळा, कारण तो राणीच्या बागेत आहे हे तिने कुठेतरी वाचलं होतं. नवऱ्याने भायखळा स्थानकाची जुनी इमारत. मी उर्वशीचं फूल. सासूबाईंनी गोरखचिंच.

दिवस ठरवायला वेळ लागला. बुधवारी बाग बंद असते, रविवार नको. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर मंगळवारची सुट्टी मिळाली. पण कामाच्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये म्हातारं माणूस आणि चार वर्षांचं पोर घेऊन शिरायचं कसं? आम्ही सोमवारी संध्याकाळीच, गर्दीच्या उलट दिशेने, लालबागला सासूबाईंच्या भावाकडे मुक्कामाला गेलो. मुंबईत असा हक्काचा मुक्काम नसेल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावं. तासभर कमी मिळाला तरी चालतो, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या गर्दीत नेऊ नये.

दुसरी खेप : जानेवारी २०१९, मंगळवार

बाग उघडल्या उघडल्या आम्ही फाटकाशी होतो. खिडकीजवळ नवऱ्याने पुन्हा सुरुवात केली, "एक चौघांचं..." आणि धाकटा खालून म्हणाला, "बाबा, आपण पाच आहोत." मागची गोष्ट त्याला माहीत असायचं कारण नाही, तो नुकतंच मोजायला शिकला होता.

पहिली पाळी सासूबाईंची. गोरखचिंच होती. करडा, हत्तीच्या पायासारखा बुंधा, साल सुरकुतलेली, फांद्यांवर पानं विरळ झालेली. सासूबाई सरळ जवळ गेल्या आणि सालीवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मग वळून मुलांना म्हणाल्या, "चला, धरा हात." नवरा, मी, लेक आणि धाकटा बुंध्याला लागून उभे राहिलो. धाकट्याचा हात ताणून ताणून दुखायला लागला, तरी माझ्या आणि नवऱ्याच्या हातांमधलं अंतर भरेना. लेक ओरडली, "आजी, तू पण ये!" त्या आल्या, कडी जोडायला उभ्या राहिल्या. तरीही वेढा पुरला नाही. मुलं खदखदून हसली. त्या हसत हसत डोळे पुसत होत्या.

बाकावर बसल्यावर मुलांचं काम सुरू झालं. खाली पडलेलीच पानं उचलायची, झाडावरचं एकही तोडायचं नाही. पान वहीच्या कागदाखाली, उलटी बाजू वर ठेवून धरायचं आणि खडू आडवा धरून कागदावर हलक्या हाताने घासायचा. शिरा उमटत जातात. धाकट्याला ही जादूच वाटली. मेणाच्या जाड खडूवरचा कागद काढून टाकला की घासणं सोपं जातं, आणि जून, ताठ पान कोवळ्यापेक्षा चांगलं उमटतं. एवढ्याशा खेळात पंचवीस मिनिटं कशी गेली कळलं नाही, आणि तेवढ्यात सासूबाईंच्या गुडघ्यांना हवी ती विश्रांती मिळाली. वेगळी "आजींसाठी थांबू या" अशी विनवणी कोणाला करावी लागली नाही.

कैलासपती फुललेला होता. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, खोडातूनच बाहेर पडणाऱ्या दोरीसारख्या डहाळ्यांवर येतात. फूल उघडून बघितलं की आत शंकराची पिंड आणि वर नागाचा फणा दिसतो. फळं तोफेच्या गोळ्यासारखी, तपकिरी, जड. खाली पडलेलं एक फूल सासूबाईंनी उचललं, ओंजळीत धरलं आणि मुलांपुढे केलं. झाडापासून चार पावलं लांब उभ्या राहून.

उर्वशीचे लोंबते घोसही दिसले. गुलाबी-लाल, पाकळ्यांवर पिवळे ठिपके, दिव्यांच्या माळेसारखे खाली झुकलेले. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. माझी निवड होती म्हणून लेकीने मला त्याच्याखाली उभं करून वहीत माझं चित्र काढलं.

पेंग्विनची रांग त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटांची. धाकटा टक्क जागा. काचेला नाक लावून तो उभा राहिला आणि मे महिन्यातला प्रश्न पुन्हा आला, "बर्फ कुठाय?" या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या समुद्रकाठचे, त्यांच्या घरी बर्फ नसतो, पण समुद्राचं पाणी थंड असतं. त्यांना ओळखता यावं म्हणून पंखाला रंगीत पट्ट्या असतात. मग पंधरा मिनिटं दोघांनी रंगांवरून पेंग्विन हेरायचा खेळ केला. सासूबाई गार हवेत शाल गुंडाळून खूश होत्या.

मधे एक पेरू-चिक्कीचा थांबा, आणि तिथून लेकीची पाळी. काळा घोडा म्हणजे इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा. फोर्टमध्ये ज्या भागाला आपण काळा घोडा म्हणतो तिथे तो १८७९ पासून होता. पुतळ्यासमोर सासूबाई म्हणाल्या, "मी लहान असताना हा इथं नव्हता." लेकीला पटेना. इतका जुना पुतळा, आजीपेक्षा जुना, मग नव्हता कसा? मी सांगितलं की तो १९६५ साली इथे आणला. लेकीने बोटांवर हिशेब केला : आजी तेव्हा पंधरा वर्षांची. "म्हणजे घोड्याच्या आधी तू आलीस बागेत!" आजीकडे ती ज्या नजरेने बघत होती, तशी नजर मी आधी पाहिली नव्हती.

जवळच दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले तेव्हा यारी (क्रेन) तुटली आणि हत्ती खाली पडून फुटला. तुकडे इथे आणले आणि १९१४ साली जोडले. धाकटा त्याच्याभोवती फिरून "कुठे फुटला, कुठे फुटला" करत जोड शोधत राहिला. मुलांना फुटलेल्या वस्तूत अखंड वस्तूपेक्षा जास्त रस असतो.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आम्ही पस्तीस मिनिटंच थांबलो, आणि तेच योग्य होतं. हे संग्रहालय १८७२ साली उघडलं. ज्यांचं नाव १९७५ मध्ये त्याला दिलं ते भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे, डॉक्टर आणि संस्कृतचे अभ्यासक. वरच्या मजल्यावर मातीची छोटी माणसं आहेत : कारागीर, वेगवेगळ्या जातिजमातींचे लोक, तऱ्हेतऱ्हेची पागोटी. सासूबाईंनी जिना चढायचा की नाही हे त्यांच्यावर सोडलं. कठडा धरून, मधे एकदा थांबून, त्या चढल्या. सहा मिनिटं लागली. वर त्या एकेका पगडीचं नाव सांगत गेल्या आणि लेक लिहीत गेली. धाकट्याचं लक्ष पंचविसाव्या मिनिटाला उडालं, तेव्हा नवरा त्याला घेऊन खाली गेला. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं हा हट्ट या वेळी नव्हता.

शेवटी एका इराण्याकडे बन-मस्का आणि चहा, आणि नवऱ्याच्या वाटणीचं भायखळा स्थानक. १८५७ ची ही इमारत तेव्हा जुनाट, थकलेली दिसत होती. पुढे तिचं जतनकाम झालं आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला, तेव्हा नवऱ्याने घरात पेढे आणले. दुपारी दीड-पावणेदोनची लोकल, बसायला जागा, तीनच्या सुमारास घरी.

जे जमलं नाही तेही सांगते. फुगेवाल्याजवळ धाकट्याने रस्त्यात लोळण घेतली. नवऱ्याला ऑफिसचे तीन फोन आले. पाणघोडा याही वेळी पाण्यातच होता. आणि सासूबाईंचे गुडघे पुढचे दोन दिवस दुखले, तेल चोळावं लागलं. मला अपराधी वाटलं. त्या म्हणाल्या, "दुखू दे गं. चालल्यामुळे दुखतायत. मे महिन्यात न चालताच दुखत होते."

वहीत दुसऱ्या दिवसाचे आकडेही आहेत. रांगांमध्ये सगळे मिळून वीस मिनिटं. बघण्यात, खेळण्यात, बसण्यात तीन तास. एकटं बसलेलं माणूस, शून्य मिनिटं.

पानांच्या ठशांची वही लेकीने जपून ठेवली आहे. पहिल्या पानावर गोरखचिंचेचं पान, खाली आजीच्या हस्ताक्षरात नाव. २०१९ च्या पावसाळ्याआधी मुलांना फोर्टमध्ये नेलं. तिथे २०१७ साली घोड्याचा नवा पुतळा बसवला आहे, त्याच्यावर स्वार नाही. सासूबाई त्या दिवशी घरीच होत्या. लेकीने माझा फोन घेतला आणि तिथूनच त्यांना कळवलं, "आजी, घोडा बघितला. पण वर कोणीच नाही."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून उत्तर आलं, "कसा असेल? तो आपल्या बागेत बसलाय ना."